पुण्याचा मुक्काम : वाडा गेला, दुकानं आली



दिंडीला शंभर वर्षं झाली. या ग्रंथात कुणी संस्थापक महाराजांचं चरित्र लिहिलं, कुणी विण्याची परंपरा लिहिली. आमच्याकडं पुण्याच्या मुक्कामाचा इतिहास आला. आम्ही म्हटलं, दोन रात्रींचा कसला आलाय इतिहास? पण लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं. आपण ज्या वाड्यात उतरत होतो तो वाडा आता नाही, आणि तो का गेला हे नव्या टाळकऱ्यांना ठाऊक नाही. म्हणून जे पाहिलं आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलं, ते सांगतो.

आळंदी सोडली की पहिलं मोठं गाव पुणं. तिथं दोन रात्री मुक्काम. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात आणि तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. देवळात पादुका राहतात, पण लाखो वारकरी देवळात कसे मावतील? म्हणून एकेक दिंडी पेठांतल्या एकेका वाड्यात, तालमीत, धर्मशाळेत उतरायची. कुणी हुकूम काढला नव्हता. ज्याला ज्यानं बोलावलं तो तिथं गेला आणि दर वर्षी जात राहिला.

आपल्याला नाना पेठेतला वाडा कसा मिळाला तेही ऐका. त्या काळी भुसार मालाचा बाजार नाना पेठ आणि भवानी पेठेत होता. आपल्या भागातली माणसं तिथं हमालीला जायची आणि पेठेतच भाड्यानं राहायची. आपल्या गावच्या एका हमालानं वाड्याच्या मालकाला विचारलं, "आमची दिंडी येती, चौकात उतरू द्याल का?" मालक म्हणाले, "देवाची माणसं आहेत, येऊ द्या." एवढाच करार. त्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो.

वाडा दोन चौकी होता. मोठा दरवाजा, त्यात वाकून जायचा लहान दरवाजा. त्या लहान दरवाजाला दिंडीच म्हणतात. विणेकरी पहिल्यांदा त्यातून वाकून आत जायचे. मालकांच्या आजी पायावर पाणी घालायच्या. पुढच्या चौकात हरिपाठ आणि कीर्तन, मागच्या चौकात चुली. बाया सोप्यात झोपायच्या, पुरुष ओसरीवर. पहाटे काकड्याला बिऱ्हाडकरू पोराबाळांसकट खाली येऊन बसायचे.

आता वाडा का गेला ते सांगतो. भाविक मंडळी म्हणतात, बिल्डरनं खाल्ला. ते अर्धंच खरं आहे.

पुणं पालटतं हे काही आजचं नाही. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरायचा. इंग्रजांच्या काळात १८८६ साली मंडईची इमारत उघडली आणि बाजार तिकडं गेला. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. पुढं १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटलं. नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे बसले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. वाडा सोडून दुसरीकडं राहता येतं, हे पुणेकरांना तेव्हापासून कळलं.

आपला वाडा पुरात वाचला, पण तो कायद्यात अडकला होता. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडं बांधून टाकलं. गरिबाला कुणी घराबाहेर काढू नये म्हणून तो कायदा आला, ते बरंच झालं. पण धान्य, चुना, लाकूड महागत गेलं आणि भाडं तेवढंच राहिलं. मालक म्हणायचे, एवढ्या भाड्यात कौलं कशी शाकारू? भाडेकरू म्हणायचे, वाडा तुमचा, आम्ही का खर्च करावा? विहिरीचा मालक गाळ काढत नाही आणि पाणी ओढणारा म्हणतो विहीर माझी नाही, अशी गत झाली. १९९९ च्या नव्या कायद्यानं वर्षाला शेकडा चार रुपये वाढ दिली, पण तोवर तुळया वाळवीनं खाल्ल्या होत्या. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. आपल्याही वाड्याच्या दारावर ती चिकटली.

भुसार बाजारही गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. बाजारामागं हमालही गेले. ज्याच्या शब्दावर आपण वाड्यात शिरलो, त्याचं बिऱ्हाडही उठलं. वाड्यात आपल्या ओळखीचं असं कुणी उरलं नाही.

मग बिल्डर आला. नवी इमारत उभी राहते कशी, तर भाडेकरूला मालकीची खोली द्यायची, मालकाला खोल्या आणि पैसा द्यायचा, आणि हा सगळा खर्च खालच्या मजल्यावरची दुकानं विकून काढायचा. पेठेत रस्त्याला लागून असलेल्या दुकानाला सोन्याचा भाव. वर नियमानं गाड्यांना जागा सोडावी लागते. म्हणजे चौकाला जागा कुठं राहिली? चौक विकता येत नाही, दुकान विकता येतं.

मालकांचे चिरंजीव भले माणूस. ते म्हणाले, "महाराज, काळजी करू नका. खाली एक हॉल ठेवू, तुमचे दोन दिवस तसेच चालतील." आम्ही नमस्कार केला आणि निघालो. कागद मागितला नाही. देवाच्या कामाला कागद मागायचा, हे आम्हाला लाजिरवाणं वाटलं.

पुढच्या आषाढीला गेलो तर वाड्याच्या जागी पत्रे ठोकलेले. त्या रात्री दिंडी रस्त्याच्या कडेला वळचणीला बसली. पाऊस होता. पखवाजाची पुडी भिजली, त्यामुळं कीर्तन नुसत्या टाळावर केलं. म्हाताऱ्या बायांनी रात्र बसून काढली. इमारत झाली तेव्हा खाली सगळी दुकानं, हॉल नाही. करारात भाडेकरूंची नावं होती, कुणाला किती चौरस फूट ते होतं, दुकानांचे नंबर होते. आपल्या दिंडीचं नाव कुठंच नव्हतं. चूक कुणाची? आम्ही म्हणू, आधी आमची.

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर पाप लागेल. तिथल्या एक मावशी जुन्या भाडेकरू. त्यांना आम्ही म्हणालो, "मावशी, वाडा फार चांगला होता." त्या म्हणाल्या, "महाराज, तुम्ही दोन दिवस राहायचात. आम्ही वर्षभर राहत होतो. सगळ्या वाड्याला एक नळ, रात्री पोरीबाळींना संडासाला अंगणात जावं लागायचं. आता घरात नळ आहे." त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. आजही त्या पालखीच्या दिवशी वरून पिठलं-भाकरी घेऊन खाली येतात. दुकानदारही चहा-केळी वाटतात, शटर ओढल्यावर पायरीवर बसू देतात. माया आटली नाही. पण पाठ टेकायला जागा राहिली नाही.

आता आपण एका शाळेत उतरतो. दर वर्षी अर्ज करावा लागतो, परवानगी आली तर मुक्काम.

शेतकऱ्याला ही गोष्ट लगेच कळेल. दुसऱ्याच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या पायवाट असते. मालक चांगला तोवर कुणी विचारत नाही. शेत विकलं की नवा माणूस तार ओढतो आणि विचारतो, वहिवाट कुठं लिहिली आहे? शहरात वाडा पाडताना मालक मोजतात, भाडेकरू मोजतात. वर्षातून दोन रात्री येणारा मोजत नाहीत, कारण तो कुठल्याच कागदावर नसतो. आपल्या दिंडीच्या वहीत ज्वारी किती आली, डाळ किती लागली, सगळं लिहिलेलं आहे. पण कुठं कुणाच्या शब्दावर उतरतो, हे एका ओळीतही नाही.

हे आज का सांगतो? पंढरपुरातही मंदिराभोवती कॉरिडॉर करायचं चाललं आहे. गल्ल्या रुंद झाल्या, गर्दीत माणूस चेंगरला नाही, तर चांगलंच आहे, आम्ही विरोध म्हणून बोलत नाही. पण तिथलं आपलं उतरायचं घरही जुनंच आहे आणि तेही तोंडी शब्दावरच आहे. तेव्हा या शताब्दी वर्षात एवढं करा. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाची जागा, मालक आणि वहिवाट वहीत लिहा. मालकांकडून प्रेमानं दोन ओळींचं पत्र घ्या. जिथं घर पडायचं असेल तिथं पाडायच्या आधी जाऊन बोला, पत्रे ठोकल्यावर नाही. कागद मागितल्यानं प्रेम कमी होत नाही. आम्ही मागितला नाही, आणि बाया पावसात बसल्या.

चुकलं-माकलं पदरात घ्यावं. रामकृष्ण हरी.