लीश्टमेसदाग
लक्झेंबर्गमधील मुलांचा कंदिलांचा सण. २ फेब्रुवारीला, म्हणजे नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, तिन्हीसांजेला मुले काठीला टांगलेले, बहुधा घरीच केलेले कंदील घेऊन दारोदार गातात आणि खाऊ किंवा सुटे पैसे मिळवतात. ऐन थंडीतला दिवा दिसला, की त्याला ख्रिस्तपूर्व अग्निपूजेचा अवशेष ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. सणाचे गाणे मात्र वेगळेच सांगते. ते सूर्याला नव्हे, संत ब्लेझला उद्देशून आहे. घशाच्या विकारांत ज्याचा धावा करतात, त्या या संताचा दिवस ३ फेब्रुवारी, म्हणजे लगेच दुसरा. शिवाय गाण्यात मागणी आहे ती डुकराच्या खारवलेल्या मांसाची आणि वाटाण्याची, तीही पौंडाच्या मापाने. बदल्यात पुढल्या वर्षी निरोगी राहाल असा आशीर्वाद, आणि दार लवकर उघडा, पाय गारठले, अशी घाई. हे गरिबाघरच्या हिवाळी जोगव्याचे बोलणे आहे.

मग दिव्याचे काय, असा आक्षेप येईल. त्याच २ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्या मंत्रून त्यांची मिरवणूक काढण्याची मध्ययुगीन प्रथा आहे. कंदिलाचे मूळ शोधायला तेवढे पुरे. त्याआधीही हिवाळ्यात दिवे लावत असतील, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.