पन्नाशीनंतरची नोंद

सरकारी दवाखान्याच्या कागदांत म्हातारं माणूस फार उशिरा आलं. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या तालुक्यात आरोग्याच्या वह्यांची जुनी पिढी कुटुंबनियोजनाची: पात्र जोडपी, गरोदर माता, लसीकरण. पात्र जोडपं म्हणजे बायको 15 ते 49 वयाची. पन्नाशी आली की बाई वहीतून गळायची, ती थेट मृत्यूच्या नोंदीत उगवायची.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. तिथे गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायका घरोघरचं दुखणंखुपणं ध्यानात ठेवू लागल्या. पुणे जिल्ह्यातल्या दुसऱ्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पुढे गावंच्या गावं सलग नोंदीखाली आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हातारपणावरच्या ‘सेज’ अभ्यासात तिथल्या पन्नाशीपुढच्यांना चालणं, झोप, आठवण असंही विचारलं गेलं. रोगापलीकडचं म्हातारपण तिथे कागदावर आलं.

आशाताईंच्या ‘सीबॅक’ या घरोघरच्या आरोग्य-तपासणी अर्जात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आले ते त्यानंतर. उभं राहताना तोल जातो का? जेवायला, आंघोळीला मदत लागते का? जवळच्यांची नावं विसरता का? माझ्या मते अख्ख्या अर्जात याच ओळी सगळ्यांत मोलाच्या. अर्ज मोबाइलवरही गेला आणि सप्टेंबर 2021 मध्ये 14 अंकी डिजिटल आरोग्य क्रमांक देशभर आला; त्यालाच पुढे ‘आभा’ हे नाव मिळालं.

आभा सहसा आधारवरून निघतो. आधारवर जन्मतारीख अनेकांची 1 जानेवारी; खरं वय काढायचं तर बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होता का, हे विचारावं लागतं. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर. दसरा-दिवाळीनंतर मुलगा-सून कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडे जातात, फोनही जातो. नोंद माणसाबरोबर फिरावी म्हणून काढलेला क्रमांक, आणि म्हातारी घरीच, नातवंडं सांभाळत.

ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या बायका आता उताराला लागतील. अंडाशयंही कमी वयात काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, पडल्यावर खुबा मोडतो. पण बऱ्याच शस्त्रक्रिया खासगीत झालेल्या, तेही काहींच्या ऐन तिशीत. चौदा अंकांमागे ती माहिती आपोआप येणार नाही. काय काढलं, कधी काढलं, हे आशाताईंनी आत्ताच, पिशवीतल्या फाइली उंदरांनी कुरतडण्याआधी, विचारून चढवायला हवं.