अनाथालयाचें दुसरें दार

टाकलेलें मूल उचलून घरांत घेतांना पाहणाऱ्याचें मन द्रवतें आणि देणाऱ्याचा हात सैल होतो. तेंच मूल मोठें होऊन उंबऱ्याबाहेर पडूं लागतें, तेव्हां त्याच्याकडे पाहणारें सहसा कोणी उरत नाहीं. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. नांवांत हॉस्पिटल असलें तरी तें रुग्णालय नव्हे, अनाथ अर्भकांचा आश्रम होता.

थॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थानें पुष्कळ वर्षें खटपट करून १७३९ सालीं दुसऱ्या जॉर्ज राजाकडून सनद मिळविली, आणि १७४१ च्या मार्चमध्यें पहिलीं मुलें आंत आलीं. हॉगार्थनें संस्थेला चित्रें दिलीं. हँडेलनें तिच्यासाठीं संगीताचे जलसे केले. पुढें पार्लमेंटनें मदत दिली, पण येईल तें मूल घ्यावें अशी अट घातली. १७५६ ते १७६० या चार वर्षांत सुमारें १५,००० मुलें आलीं. त्यांपैकीं बहुतेक दगावलीं. जीं वांचलीं त्यांना कोठें तरी लावून देण्याची चालकांना घाई झाली.

लावून देणें म्हणजे उमेदवारीस देणें. मुलगे शेतीवर, कारागिराकडे किंवा जहाजावर जात. मुली बहुधा घरकामास. मालकानें अन्नवस्त्र द्यावें, काम शिकवावें, आणि मुलानें ठराविक वर्षें राबावें, असा करार असे. कल्पना मुळांत वाईट नव्हती. हातीं कसब नसलेल्या पोरक्या मुलानें पोट भरावें तरी कसें? पण मालक कसा आहे, हें पाहणार कोण?

फेटर लेनमध्यें एलिझाबेथ ब्राउन्रिग नांवाची एक सुईण राहत असे. तिच्याकडे या संस्थेनें मेरी जोन्स ही मुलगी दिली. तिला इतका मार बसे कीं एके दिवशीं पहाटे ती निसटली आणि वाट विचारीत थेट संस्थेच्या दाराशीं आली. जखमा पाहून चालकांनीं आपल्या वकिलाकडून बाईच्या नवऱ्यास कडक पत्र धाडलें व मुलीचा करार रद्द करविला. फिर्याद मात्र केली नाहीं. आपली मुलगी सुटली, एवढ्यावर त्या सभ्य गृहस्थांचें समाधान झालें!

त्याच घरांत गरिबांच्या एका आश्रमांतून आणलेली मेरी क्लिफर्ड होती. १७६७ सालीं ती मारानें मेली. ब्राउन्रिगबाई टायबर्न येथें फांशीं गेली आणि साऱ्या लंडनांत हळहळ झाली. दोघी मुली सारख्याच पोरक्या, सारख्याच दुबळ्या. जोन्सला परत जाऊन ठोठावतां येईल असें एक दार होतें, आणि तें उघडलें, एवढाच काय तो फरक.

गेलेल्या मुलाची खबर ठेवणें हें दयेचें नव्हे, कर्तव्याचें काम आहे, असें इंग्लंडच्या कायद्यानें स्पष्ट म्हणण्यास इसवी सन २००० उजाडलें. सरकारी आश्रय सोडणाऱ्या तरुणाशीं निदान एकविसाव्या वर्षापर्यंत संबंध ठेवावा, त्याला एक सल्लागार नेमून द्यावा, असें बंधन त्या वर्षीं स्थानिक संस्थांवर आलें.