जुन्या वेगवान गाडीचे इंजिन घरी बदलताना

धर्माबाद : एकेकाळी वेगासाठी नावाजलेल्या होंडा सिटी व्हीटेक, मारुती एस्टीम, हिंदुस्थान कॉन्टेसा यांसारख्या गाड्या आजही हौशी मालकांच्या अंगणात जपून ठेवलेल्या दिसतात. गाडीचा सांगाडा धडधाकट असतो, पण इंजिन थकते. अशा वेळी दुसरे इंजिन आणून ते घरीच बसवावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर वसले आहे. येथील मालकाला इंजिनासाठी एका बाजूला हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूला मुंबईतील कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार असे दोन्ही मार्ग खुले आहेत. तथापि इंजिन आणल्यानंतर ते कागदोपत्री मान्य झाले नाही, तर गाडी आणि खर्च दोन्ही अंगणातच अडकून पडतात. म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी काही बाबी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कारखान्यांनीही केलेला बदल

एका गाडीत दुसऱ्याचे इंजिन बसवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये आणलेल्या '११८ एनई' या गाडीचा सांगाडा मूळ फियाट १२४ चा होता, तर तिचे इंजिन निस्सानचे, ११७१ सीसीचे होते. कॉन्टेसाचा सांगाडा ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर आधारलेला होता. प्रारंभी तिला १४८९ सीसीचे इंजिन देण्यात आले. त्या भारदस्त गाडीला ते अपुरे पडत असल्याने पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले आणि सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही बसवण्यात आला. इंजिन बदलले की त्याच्याशी जोडलेली यंत्रणाही बदलावी लागते, हा धडा येथे मिळतो. शिवाय कारखान्याच्या अशा बदलाला चाचण्या व शासकीय मान्यतेचा आधार असतो. घरगुती कामाला तो नसतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट केली. इंजिन क्रमांक, घनक्षमता आणि इंधनाचा प्रकार या सर्वांची नोंद प्रमाणपत्रात असते. त्यामुळे १३४३ सीसीच्या होंडा सिटीत १४९३ सीसीचे व्हीटेक इंजिन यांत्रिकदृष्ट्या बसले, तरी ती गाडी रस्त्यावर अडचणीत येते. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या अशा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सुरक्षित मार्ग एकच आहे : त्याच बनावटीचे, त्याच घनक्षमतेचे आणि त्याच इंधनावर चालणारे इंजिन. त्यासाठीही नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आणि प्रमाणपत्रावर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद लागते. पूर्वमान्यतेविना इंजिन बदलले गेले असल्यास, १४ दिवसांच्या आत ते कळवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. धर्माबादच्या वाहनधारकांना यासाठी नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजेच 'एमएच २६' कडे जावे लागते. गाडीवर कर्ज असेल, तर वित्तसंस्थेची लेखी संमती आधी घ्यावी.

याला अपवाद आहे तो सीएनजी, एलपीजी अथवा विजेवर चालणाऱ्या मान्यताप्राप्त रूपांतर संचाचा. असे संच पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागतात. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल, तर आणखी एक विचार करावा. २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिन बदलल्यास ती संधी हातची जाऊ शकते.

इंजिन निवडताना

भंगार बाजारातील इंजिनाचे पक्के बिल घ्यावे. त्यावर इंजिन क्रमांक, विक्रेत्याचे नाव व पत्ता असावा. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसल्यास ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. चोरीच्या वाहनांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेत तपासता येते. शक्य असल्यास इंजिन सुरू करून पाहावे, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. सिलिंडरांमध्ये मोठी तफावत आढळल्यास व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केटमध्ये दोष संभवतो. तेलात दुधाळ फेस दिसणे हे पाणी तेलात मिसळल्याचे लक्षण मानले जाते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसाठी इंजिनासोबत त्याचे ईसीएम, सेन्सर आणि वायरिंगही जुळणारे हवे.

घरी काम करताना

जमीन सपाट व सिमेंटची असावी. गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली कधीही जाऊ नये, पक्के स्टँड लावावेत. इंजिन उचलण्यासाठी क्रेन किंवा चेन पुली वापरावी. छताच्या लाकडी तुळईला साखळी बांधण्याचा मोह टाळावा.

प्रथम बॅटरीची ऋण जोडणी काढावी. त्यानंतर इंधनाच्या नळीतील दाब मोकळा करावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट आणि तेल काढावे. प्रत्येक वायर व नळीला चिकटपट्टीने क्रमांक द्यावा आणि छायाचित्र काढून ठेवावे, कारण जोडणीच्या वेळी अर्धी चूक येथेच होते. मग बॉनेट, रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि ड्राइव्ह शाफ्ट काढून माउंटिंगचे बोल्ट सैल करावेत.

दुसरे इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचे ऑइल सील, क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलावे. हेच काम इंजिन बसल्यावर करावे लागले, तर सर्व उस्तवारी पुन्हा करावी लागते. जुने माउंटिंगचे रबरही याच वेळी बदलावे. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद ठेवून स्टार्टर थोडा फिरवावा, म्हणजे तेलाचा दाब तयार होतो. बंद खोलीत इंजिन चालवू नये, त्यातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. पेट्रोलजवळ ठिणगी नको आणि अग्निशामक नळकांडे हाताशी हवे.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून रेडिएटर स्वच्छ करून, थर्मोस्टॅट व पंखा तपासून आणि कूलंटमधील हवा काढूनच गाडी बाहेर न्यावी. ब्रेक व टायर यांकडे दुर्लक्ष झाल्यास जोमदार इंजिनाचा उपयोग अपघातासाठीच होईल.

शेवटी विमा

विम्याच्या पॉलिसीत इंजिन आणि चॅसिस क्रमांक नमूद असतात. नव्या नोंदीनंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्यावा, अन्यथा अपघातानंतरचा दावा वादात सापडतो. जुन्या इंजिनाची विक्री किंवा विल्हेवाट लावल्याचा कागदही जपून ठेवावा. मान्यतेचे पत्र, बिल, नवे नोंदणी प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि विमा हे पाच कागद हाती आले की मगच काम पूर्ण झाले असे समजावे. परिवहन कार्यालयाने होकार दिला नाही, तर मूळ इंजिनाचे बोअरिंग करून ते नव्याने बांधणे हा पर्याय शिल्लक राहतोच. त्यात इंजिन क्रमांक बदलत नाही आणि आवडती गाडी मूळ रूपात धावत राहते.