हरळी, खराटा आणि प्लॅस्टिकचं अंगण

"हे झाडायचं की पुसायचं?"

आमच्या रो-हाउससमोरच्या अंगणात हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत अंथरून झालं, काम करणारी पोरं चहा पिऊन गेली आणि आईने हातात खराटा घेऊन मला हा प्रश्न विचारला. मी ऐटीत म्हटलं, "काहीच करायचं नाही आई, म्हणून तर आणलंय." दुकानदाराने तसंच सांगितलं होतं ना! पाणी नको, खत नको, कापणी नको, झीरो मेंटेनन्स. आई काही बोलली नाही. खराटा तिने भिंतीला टेकवून ठेवला. आत मात्र नेला नाही.

याला आता चार वर्षं झाली. खराटा अजून तिथेच आहे आणि दर रविवारी सकाळी तो माझ्या हातात असतो.

त्याआधी आमच्याकडे खरी हिरवळ होती बरं का. बारा बाय वीसचा तुकडा. हौसेने लावलेली, दोन उन्हाळे कशीबशी जगवलेली. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड झालं. पिण्याचं पाणी भरायचं की गवताला घालायचं, असा प्रश्न आल्यावर गवत जाणारच. गवत गेलं, मग चिखल नको म्हणून मातीही गेली. तिच्या जागी सिमेंटचा कोबा आला आणि कोब्यावर हे. गोदाकाठच्या गावात राहून पाण्यासाठी प्लॅस्टिकचं गवत लावलं म्हणून पुण्याच्या मावशी अजून हसतात. हसा!

तर, रविवारी खराटा मारता मारता डोक्यात आलं की ही वस्तू मुळात निघाली कुठून? आणि अंगण हिरवं असावं हे तरी आपल्याला कोणी सांगितलं?

कारण आईचं अंगण हिरवं नव्हतंच. तिचं माहेर निफाड तालुक्यातलं. तिथे पहाटे उठून अंगण झाडायचं, शेण कालवलेल्या पाण्याचा सडा घालायचा आणि त्यावर रांगोळी काढायची. सणाच्या आधी सगळं सारवून घ्यायचं. पीक काढायच्या आधी शेतातलं खळंही असंच चोपून, सारवून तयार करायचं. सड्यामुळे धूळ बसते, जमीन घट्ट राहते, हे त्यातलं शास्त्र. या अंगणात गवताची एक काडी जरी उगवली तरी बाईमाणूस आळशी असं गावाने ठरवून टाकायचं. आणि त्या काडीचं नाव बहुतेक वेळा हरळी! शेतकऱ्याला विचारा, हरळी म्हणजे काय ते. नांगरा, खणा, उपटा, एक पेर मातीत राहिलं की पुन्हा हजर. तीच हरळी भाद्रपदात दूर्वा होते आणि गणपतीच्या डोक्यावर जाऊन बसते. ही हरळी लक्षात ठेवा, पुढे ती लांबचा प्रवास करून पुन्हा भेटणार आहे.

अंगणात मुद्दाम गवत वाढवायचं आणि मग ते कापत बसायचं, ही कल्पना साहेबाची. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून बड्या जमीनदारांच्या हवेल्यांपुढे हिरवळी दिसू लागल्या. या जमिनीत आम्ही धान्य पिकवत नाही, तरी आमचं भागतं, असं दाखवण्याचा तो प्रकार. कापायला एक तर मेंढ्या, नाही तर लांब दांड्याचं विळ्यासारखं पातं घेऊन पहाटे दवात राबणारी माणसं. मग १८३० साली इंग्लंडमधल्याच स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना सुचली लोकरीच्या गिरणीत. तिथे विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरायला फिरत्या पात्यांचं यंत्र असे. लव कातरता येते तर गवत का नाही? शेजारी हसतील म्हणून तो पहिल्यांदा रात्री यंत्र चालवून बघायचा, असं सांगतात. थोडक्यात काय, आजची हिरवळ ही कापडाच्या गिरणीची मुलगी. पुढे ती परत गिरणीतच गेली, ते सांगतोच.

आपल्याकडे हे वेड बंगल्यांबरोबर आलं. देवळालीला १८६१ मध्ये लष्करी छावणी झाली, कलेक्टर साहेबाचा बंगला होताच. इथल्या उन्हात विलायती गवत कुठलं टिकायला! मग उत्तर हिंदुस्थानात जिला दूब म्हणतात तीच आपली हरळी साहेबाच्या लॉनवर आली. पाण्याला पखालवाला भिश्ती, कापायला आणि खुरपायला माळी. साहेबाने फक्त खुर्ची टाकून चहा प्यायचा. नाशिकच्या मध्यवस्तीतल्या मोठ्या मैदानाला आम्ही अजूनही गोल्फ क्लबच म्हणतो, पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान लिहिलेलं असूनही! ज्या कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, त्यांच्या नावाच्या मैदानाला रिक्षावाला गोल्फ क्लब म्हणतो आणि आपण त्याच नावाने रिक्षा सांगतो. असो. विषय गवताचा आहे.

आता अमेरिकेत जाऊ. १९६५ च्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं भलंमोठं स्टेडियम उघडलं. सगळं मैदान छपराखाली. छपराला पारदर्शक तावदानं, कारण आत खरं गवत लावलं होतं आणि त्याला ऊन हवं. आत वाढेल अशी मुद्दाम तयार केलेली बर्म्युडा गवताची जात होती ती. आणि हे बर्म्युडा गवत म्हणजे कोण, माहितेय? आपली हरळी! ही जात म्हणजे हरळी आणि तिची एक आफ्रिकन बहीण यांचा संकर. मला हे कळलं तेव्हा मी खराटा खाली ठेवून आईला सांगायला आत गेलो होतो.

तर झालं असं, की तावदानांमधून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपायला लागले. उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून छपराच्या काही भागाला पांढरा रंग दिला. चेंडू दिसायला लागला, पण ऊन कमी पडून गवत मेलं. जी हरळी आमच्या शेतकऱ्याला सात पिढ्यांत मारता आली नाही ती रंगाच्या डब्याने मेली. उरलेला हंगाम त्यांनी वाळक्या गवताला हिरवा रंग फासून काढला. आणि १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत आलं. मोन्सँटो कंपनीच्या माणसांनी ते आधीच शोधलेलं होतं, १९६४ मध्ये एका शाळेत लावूनही झालं होतं. मूळ उद्देश चांगला होता, शहरातल्या पोरांना खेळायला मऊ जागा मिळावी असा. तेव्हा त्याचं नाव केमग्रास होतं, या स्टेडियमवरून ते अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं.

आता माझ्या रविवारशी संबंधित भाग. या स्टेडियममध्ये मैदान साफ करायला अंतराळवीरासारखा पोशाख घातलेली माणसं असत. खेळाच्या मधल्या वेळात ती व्हॅक्युम क्लीनर घेऊन मैदानात उतरत आणि गवत झाडत! म्हणजे पहिल्या दिवसापासून या गवताला झाडणारा माणूस लागत होता. दुकानदाराने हे कुठे सांगितलं?

आपल्या देशाला या गवताची ओळख झाली ती कडू. १९७५ मध्ये क्वालालंपूरला आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो, तो खऱ्या गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो. १९२८ पासून एकदाही रिकाम्या हाताने न परतलेला संघ! सगळा दोष गवताला देणं मला पटत नाही (१९८० ला मॉस्कोत तशाच गवतावर सुवर्ण मिळालंच की). पण आमच्या वडिलांच्या पिढीला 'टर्फ' हा शब्द शिवीसारखा वाटायचा हे खरं. पुढे कळलं की हॉकीच्या त्या मैदानांना सामन्याआधी पाण्याने चिंब भिजवावं लागतं. कोरड्यावर चेंडू नीट पळत नाही आणि पडणाऱ्याची कातडी सोलून निघते. गवत खोटं, पण तहान खरी.

घरगुती गवत आलं ते गालिच्याच्या वाटेने. अमेरिकेतच डाल्टन गावी १८९५ साली कॅथरीन इव्हान्स नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने कापडात सुताचे गोंडे रोवून पलंगपोस केला. त्यातून गावभर धंदा उभा राहिला, मग त्याची यंत्रं निघाली, पलंगपोसाचे गालिचे झाले आणि सुताच्या जागी प्लॅस्टिकचा धागा घातला की गवत झालं! माझ्या अंगणातला रोल उलटा करून पाहिला तर अगदी तेच आहे. कापडात रोवलेले गोंडे, मागे लॅटेक्सचा थर आणि पाणी जायला पेन्सिलीएवढी भोकं. बडिंगने कापडाच्या यंत्राने गवत कापलं, यांनी गवताचंच कापड केलं.

नाशिककरांनी मात्र ते आधी पाहिलं लग्नात. गंगापूर रोडला काय किंवा औरंगाबाद नाक्याच्या पुढे काय, इथे मंगल कार्यालयाला 'लॉन्स' म्हणतात. कुठल्या लॉन्सवर आहे लग्न, असं विचारतात. आणि तिथे स्टेजसमोर हिरवा गालिचा पसरलेला असतो. त्यावरची अक्षता, फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्या पहाटे कोण वेचतं, ते मी कधी थांबून पाहिलेलं नाही.

आता ज्यांना हे लावायचंय त्यांच्यासाठी चार शब्द, स्वतःच्या चुकांतून. खराटा कडक हवा पण तारेचा ब्रश नको. लव ज्या बाजूला आडवी झाली असेल त्याच्या उलट दिशेने मारायचा म्हणजे पाती उभी राहतात. शेजारच्या गुलमोहराची पानं बारीक, ती आत शिरतात आणि कुजतात. पहिल्या पावसाळ्यात आम्ही ती काढली नाहीत. जूनमध्ये भोकं तुंबली, पाण्याची जाळी तुंबली आणि असा वास सुटला की दोन दिवस पुढचं दार बंद! कोपरा उचलून खालून धुतलं तेव्हा गेला. बोक्याने केलेल्या 'कार्यक्रमावर' पाणी आणि थोडं व्हिनेगर. ब्लीच नको. आणि दिवाळीत फुलबाजी तर अजिबात नको. भाच्याच्या एका फुलबाजीने पायरीजवळ वाटीएवढं भोक पडलं. मी हळहळलो, आई म्हणाली, "जरा मोठं काप रे." तेवढा फूटभर चौकोन मी कापून काढला. आता तिची रांगोळी तिथे असते.

उन्हाचं मात्र दुकानदाराने सांगायलाच हवं होतं. पहिल्या एप्रिलमध्ये आई दुपारी कुरडया उलटायला अनवाणी त्यावर गेली. आयुष्यभर अनवाणी अंगणात वावरलेली बाई. खरं गवत स्वतःतलं पाणी हवेत सोडून थंड राहतं, प्लॅस्टिक फक्त तापत जातं. तळव्यांना फोड आले, आठ दिवस पाय टेकवता येईना. "मातीने असं कधी केलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली. मी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलताना तिच्या पायांकडे बघायचं टाळत होतो. तेव्हापासून उन्हाळ्यात चारच्या सुमाराला दोन बादल्या पाणी मारतो. पाणी वाचवायला आणलेल्या गवतावर!

आणखी एक गोष्ट हल्ली डोळ्यात खुपते. चार उन्हाळे खाल्लेली पाती आता तुटायला लागलीत. सुपलीत कचऱ्याबरोबर हिरवा चुरा येतो, धुतलं की जाळीतून गटारात, गटारातून नासर्डीत आणि तिथून गोदावरीत. युरोपने २०२३ मध्ये नियम करून मैदानी गवतात पसरायच्या रबराच्या चुऱ्याची विक्री २०३१ पासून बंद करायचं ठरवलंय. माझ्या अंगणात रबर नाही, पण चुरा आहेच. म्हणून मी आता धुण्याआधी कोरडं झाडून घेतो आणि जाळीवर जुन्या साडीचा तुकडा बांधतो. किती अडतं त्यात? डोळ्यांना दिसतं तेवढं.

मागच्या श्रावणात दोन रोल जिथे जोडलेत त्या फटीत धूळ साचून एक हिरवी रेघ उगवली. बाकीच्या हिरव्यापेक्षा थोडी फिकट, म्हणून आधी लक्षातच आलं नाही. वाकून पाहिलं तर हरळी. खाली कोबा, वर प्लॅस्टिक, मधे बोटभर धूळ, त्यात बाईसाहेब पाय पसरून बसलेल्या. जोड उचकटेल म्हणून मी लगेच खुरपं आणायला निघालो तर आईने दारातूनच हाक मारली.

"अरे थांब, गणपती होऊ दे."

चतुर्थीच्या सकाळी ती पायांत चपला घालून गेली, पायरीवर बसून तीन-तीन पात्यांच्या एकवीस दूर्वा खुडल्या आणि दोन-चार जास्तीच्या शेजारच्या वहिनींना दिल्या. विसर्जन झाल्यावरच्या रविवारी मी खुरपं घेऊन बसलो. तासभर लागला. मुळं अर्धीच निघाली.