जून 1895 : दोन जुने स्नेही

सार्वजनिक कार्य हे स्नेहाचे जन्मस्थान खरे. परंतु पुष्कळदा तेच स्नेहाची कसोटीही ठरते. एका ध्येयाने भारलेली माणसे एकत्र येतात, रात्रीचा दिवस करतात, आणि पुढे कार्याचा व्याप वाढला, मते पक्व झाली, म्हणजे तीच माणसे एकमेकांना दुरावतात. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांचे होय. त्यांच्या वादांचा न्यायनिवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. 1895 सालच्या मे-जून महिन्यांतील काही दिवसांकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच त्याचा उद्देश आहे.

दोघांचाही जन्म 1856 सालच्या जुलै महिन्यातला. आगरकरांचा 14 तारखेचा, टिळकांचा 23 तारखेचा. एकाचे गाव कऱ्हाडजवळचे टेंभू, दुसऱ्याचे जन्मस्थान रत्नागिरी. पुण्यास डेक्कन कॉलेजात त्यांची गाठ पडली आणि सरकारी नोकरीचा मोह सोडून देशबांधवांच्या शिक्षणास वाहून घ्यावयाचे, हा निश्चय तेथेच झाला. 2 जानेवारी 1880 रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, एम. ए. ची परीक्षा आटोपताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले.

पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकत्र काढलेल्या एकशे एक दिवसांची हकीकत आगरकरांनीच लिहून ठेवली आहे. रात्री एकाच खोलीत बसून देशाच्या भवितव्याविषयी ते इतक्या मोठ्याने वाद घालीत की पहारेकऱ्यास येऊन त्यांना गप्प करावे लागे. 26 ऑक्टोबर 1882 रोजी ते सुटून बाहेर आले. तुरुंगाच्या कोठडीत ज्या स्नेहास तडा गेला नाही, त्यास पुढे बाहेरच्या मोकळ्या हवेत तडा गेला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तडा एका दिवसात गेला नाही. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व 1885 च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. संस्था वाढली, तसे आजीव सभासदांचे वेतन, बाहेरची प्राप्ती, त्यागाची मर्यादा यांविषयी मतभेद वाढले. त्यात सामाजिक सुधारणेचा प्रश्न आला. आधी सुधारणा की आधी स्वराज्य, हा वाद दोघांनाही प्राणाइतका मोलाचा होता. 1887 साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 15 ऑक्टोबर 1888 रोजी आपला ‘सुधारक’ काढला. 1890 साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. यानंतर दोन पत्रांमध्ये जे शब्द वापरले गेले, ते वाचताना आजही मन खिन्न होते. 

आता 1895 सालाकडे वळू. टिळकांच्या आयुष्यातील हा अत्यंत धावपळीचा काळ. दोन्ही पत्रांची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती, कायद्याचा वर्ग चालू होता, त्याच साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून आले, आणि डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुण्यास व्हावयाचे होते. याच उन्हाळ्यात रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ त्यांनी हाती घेतली. 30 मे रोजी हिराबागेत त्यासाठी जाहीर सभा भरली. दोनशे पंधरा वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या महापुरुषाचे स्मरण साऱ्या महाराष्ट्रात जागे करण्याचे ते पुण्यकार्य होते.

त्याच पुण्यात त्याच दिवसांत त्यांचा जुना सहकारी मृत्यूशी झुंजत होता. आगरकर 1892 पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. परंतु दम्याने त्यांचे शरीर पोखरून टाकले होते. हिराबागेतील सभेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, सोमवार दिनांक 17 जून रोजी, त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या अंत्यसंस्काराचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी त्या खर्चाचे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात. हयातीतच ज्यांची प्रेतयात्रा विरोधकांनी काढली होती, त्यांनी खऱ्या अंत्ययात्रेची तजवीजही स्वतःच केली!

‘केसरी’त मृत्युलेख लिहिण्याचे काम टिळकांवर आले. त्या वेळी कठोर निश्चयाच्या या पुरुषाचे अश्रू आवरेनात, अशी आठवण चरित्रपरंपरेत चालत आली आहे. पुढे 1915 च्या फेब्रुवारीत गोखले वारले, तेव्हाही टिळक स्मशानात उपस्थित राहिले व आपल्या प्रतिपक्ष्याच्या देशसेवेविषयी आदराने बोलले. मते त्यांनी बदलली नाहीत. परंतु दिवंगताचे मोठेपण मान्य करण्यास मतांची अडचण होऊ दिली नाही.

या इतिहासापासून आपणांस काय घेता येईल? स्मरणिकेच्या छपाईचा महिना हा आपल्यासारख्या संस्थांतही धावपळीचाच असतो. वर्गणी, जाहिराती, मुद्रिते, निमंत्रणपत्रिका यांत कार्यकर्ते बुडून जातात. आणि शेवटी श्रद्धांजलीच्या पानासाठी नावे गोळा करावयास बसले, म्हणजे मी तरी दरवर्षी थबकतो. त्या यादीत एखादे नाव असे निघतेच, की ज्याच्याशी आपण उमेदीची वर्षे खांद्याला खांदा लावून काम केले आणि पुढे कुठल्याशा ठरावावरून बोलणे सोडले. टिळक-आगरकरांचा वाद राष्ट्राच्या भवितव्याचा होता. आपले वाद बहुधा एखाद्या अधिकारपदापुरते असतात. तरी अबोला मात्र तितकाच दीर्घ चालतो.

स्मरण दोन प्रकारचे असते. रायगडावरील समाधी दोन शतके वाट पाहत राहिली आणि तिचा जीर्णोद्धार झाला. हाडामांसाच्या मनुष्याला इतकी सवड नसते. त्याच्यासाठी कधी अठराच दिवस उरलेले असतात. मतभेद खुशाल राहावेत. ते लपवून केलेले गोडगोड स्मरण दोघांच्याही प्रामाणिकपणाचा अपमान करील. परंतु ज्यास आपण उद्या श्रद्धांजली वाहणार, त्याच्या दारी आज जाऊन यावे. संमेलनास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने यंदा एवढे जरी केले, तरी या स्मरणिकेचे नाव सार्थ झाले असे मी मानीन.