स्वर्ल मार्क (वाहनाचा रंग)

स्वर्ल मार्क म्हणजे मोटारीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर पडलेले अतिसूक्ष्म ओरखडे होत. सावलीत ते सहसा जाणवत नाहीत; मात्र ऊन किंवा दिव्याचा थेट प्रकाश पडताच त्या प्रकाशबिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. रंगकामानंतर वॉटर पेपरने केलेली घासाई आणि त्यावरचे बफिंग अपुरे राहिल्यास असे ओरखडे मागे उरतात. ते काढता येतात, परंतु ‘काढणे’ हा शब्द येथे फसवा आहे. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत झिजवावा लागतो.

रंगाचे थर

कारखान्यात रंगवलेल्या आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात : गंजरोधक थर, प्रायमर, रंगछटेचा थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणून ओळखला जाणारा पारदर्शक थर. या सर्वांची एकत्रित जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात लॅकरचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये याच थरात असतात. तो फार झिजला, तर काही वर्षांत रंग फिका पडतो व लॅकर पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींवर वेगळे लॅकर नसे. त्या घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागे, त्यामुळे किती रंग निघतो आहे हे कारागिराला डोळ्यांनी दिसे. लॅकर पारदर्शक असल्याने ही सूचना आता मिळत नाही. म्हणूनच थराची जाडी मोजणारे उपकरण हाताशी असणे ही चैन मानू नये.

वर्तुळे का दिसतात

ओरखडे प्रत्यक्षात वर्तुळाकार असतातच असे नाही. पुसताना पडलेले ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती आडवे असणारेच प्रकाश डोळ्यांकडे परतवतात आणि ते एकत्रितपणे वर्तुळासारखे भासतात. विजेरी हलवली की ‘वर्तुळ’ही तिच्यासोबत सरकते. याउलट, फिरत्या बफिंग यंत्राने उमटलेल्या खुणा यंत्राच्या वाटेनेच पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. वॉटर पेपरच्या उरलेल्या रेघा बहुधा सरळ असतात. घासणाऱ्या यंत्राखाली एखादा कण अडकला असेल, तर शेपटीसारख्या वळ्या पडतात. कोणती खूण आहे हे आधी ओळखल्यास उपाय नेमका करता येतो.

भिवंडीतील परिस्थिती

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे आणि आता गोदामांचेही केंद्र आहे. तालुक्यात माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ या भागांत गोदामे उभी राहिली असून अवजड वाहनांची वर्दळ सतत असते. रस्त्यावरील खडीची धूळ बेसॉल्टची असते आणि त्यातील खनिजे लॅकरपेक्षा पुष्कळ कठीण असतात. अशी धूळ बसलेली गाडी रोज सकाळी एका बादलीत व एकाच फडक्याने पुसली गेली, तर ते फडके पॉलिश पेपरचेच काम करते. मागांवरील उरलेले सूत, म्हणजेच कॉटन वेस्ट, गॅरेजमध्ये हात व यंत्रे पुसण्यास सोयीचे असते. परंतु त्याच्या गाठींत कण अडकून राहतात. इंजिनासाठी ते उत्तम, लॅकरसाठी मुळीच नाही.

निवारण

पाण्यासह वापरता येणारा घासकागद अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. ओल्या घासाईमुळे धूळ उडत नाही व कागद लवकर भरत नाही. नव्या रंगावरील कचकण, ओघळ आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा घालवण्यासाठी १५०० किंवा २००० क्रमांकाच्या कागदाने सुरुवात करून २५०० व ३००० पर्यंत जातात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलल्यास आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या की नाही ते दिसते. बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते : मधला कागद गाळून थेट कंपाउंड लावले, की खोल रेघा तशाच राहतात. त्या काढण्यासाठी यंत्र दाबून चालवण्यापेक्षा पुन्हा ३००० चा कागद फिरवणे कमी नुकसानीचे ठरते.

त्यानंतर लोकरी किंवा कठीण फोमच्या पॅडने कंपाउंड, व मग मऊ फोमने बारीक पॉलिश लावतात. लोकरी पॅड आणि केवळ गोल फिरणारे यंत्र जलद कापतात, पण होलोग्राम मागे ठेवतात. ते घालवण्यासाठी दुहेरी गतीचे (गोल फिरतानाच डोलणारे) यंत्र वापरावे. पॅड वारंवार साफ करावे. बॉनेटच्या कडा आणि पत्र्याच्या घड्या यांवर लॅकर सर्वांत पातळ असते. तेथे चिकटपट्टी लावून ठेवतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता लवकर साठते, म्हणून तेथे यंत्र एका जागी थांबू देऊ नये. काम सावलीत, थंड पत्र्यावर करावे.

फसवी चकाकी

अनेक पॉलिशमध्ये तेले व ओरखडे झाकणारी भरणद्रव्ये असतात. गाडी ताब्यात घेताना ती आरशासारखी दिसते. दोन-चार धुण्यांनंतर जाळे परत येते. ग्राहकाने पैसे मोजलेले असतात, लॅकर काही अंशी झिजलेले असते आणि ओरखडे मात्र जागच्या जागी असतात. हे टाळण्यासाठी काम संपल्यावर, मेण लावण्यापूर्वी, पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून उन्हात किंवा विजेरीच्या प्रकाशात तपासतात. ताज्या रंगाबाबत आणखी एक अडचण असते. आतले द्रावण उडून थर आक्रसतो, तेव्हा नाहीशा झालेल्या रेघा काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यामुळे रंग उत्पादकाने सांगितलेली वाळण्याची मुदत पाळणे आवश्यक असते.

ओरखड्यावरून हळूच नख फिरवल्यास ते अडकत असेल, तर तो पूर्णपणे काढण्याइतके लॅकर बहुधा शिल्लक नसते. अशा वेळी त्याच्या कडा केवळ बोथट करून तो कमी उठून दिसेल इतपतच काम करतात.